गोव्यातल्या नेच्यांच्या जुन्या हर्बेरियम शीट कशा शोधायच्या, कशा वाचायच्या – अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पावसाळा सुरू झाला की गोव्यात नेचे दिसत नाहीत अशी जागा सापडणं कठीण. विहिरीच्या चिऱ्यांमधून हंसराज, जुन्या चर्चच्या चुन्याच्या भिंतीत टेरिस व्हिटाटा, मांडवीच्या काठाला खारफुटीत माणसाच्या उंचीचा अ‍ॅक्रॉस्टिकम ऑरियम, भातशेतीच्या पाण्यात सेराटोप्टेरिस, आणि फणसाच्या खोडाला मिठी मारून बसलेलं बाशिंग. फोटो सगळेच काढतात, नाव विचारतात, ते चांगलंच आहे. पण याच नेच्यांचे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी वाळवून कागदावर चिकटवलेले नमुने (या कागदांनाच शीट म्हणतात) जगातल्या वेगवेगळ्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांत, पडून आहेत आणि त्यातले कितीतरी आता मोबाईलवर फुकट बघता येतात, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मला मनापासून वाटतं की नेचे शिकायचे असतील तर आधी जुनी शीट वाचायला शिकावं, म्हणजे नाव वाचायला नाही, लेबल वाचायला. नाव चार वेळा बदलतं, पण कुणीतरी एका दिवशी एका ठिकाणी ही वनस्पती हातात घेतली होती ही गोष्ट बदलत नाही, आणि आज त्या ठिकाणी ती आहे का हे बघायला आपण गोव्यातले लोक जाऊ शकतो, लंडनमधला क्युरेटर रोज येऊ शकत नाही.

आधी: शोधायचं कुठे

गोव्याची अडचण अशी की आपण दोन दप्तरांच्या मधे पडलो. ब्रिटिशांच्या काळातलं पश्चिम भारतातलं बहुतेक काम "मुंबई इलाखा" या हद्दीत झालं आणि गोवा त्यात नव्हताच, १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज. त्यामुळे एकाच ठिकाणी "गोवा" टाकून सर्च मारला आणि काही मिळालं नाही म्हणून सोडून दिलं, असं करू नका.

सुरुवात जीबीआयएफ या डेटाबेसपासून करा, कारण तिथे अनेक देशांतल्या हर्बेरियमचा डेटा एकत्र येतो. मग लंडनची क्यू ही वनस्पती बाग, लंडनचंच नॅचरल हिस्ट्री म्युझियम आणि एडिनबर्गची वनस्पती बाग यांचे स्वतःचे कॅटलॉग वेगळे बघा, तिथे फोटो मोठा मिळतो. पोर्तुगीज बाजूसाठी कोइंब्रा विद्यापीठाचं हर्बेरियम आणि लिस्बनचे संग्रह. आणि भारतात बोटॅनिकल सर्व्हेचं इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम, त्यात हावड्याचं सेंट्रल नॅशनल हर्बेरियम आणि पुण्याचं वेस्टर्न सर्कल (हे १९५५ साली सुरू झालं) यांच्या शीट बघायच्या. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम विसरू नका, कारण ज्या फादर ब्लॅटरांचं नाव त्याला आहे त्यांनीच डी'आल्मेदांबरोबर १९२२ साली मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर पुस्तक काढलं होतं, म्हणजे कोकणातल्या नेच्यांचं काम तिथे आधीपासून आहे.

आता सर्च मारताना दोन सापळे. पहिला, "गोवा" हे स्पेलिंग इंडोनेशियातही येतं, तिथे त्याचा अर्थ गुहा, आणि गुहेच्या तोंडाशी नेचे असणारच, त्यामुळे बालीमधले नेचे तुमच्या यादीत येऊन बसतात. फिलिपिन्समध्येही गोवा नावाचं गाव आहे. दुसरा सापळा याच्या उलट आहे, हा घोळ टाळायला तुम्ही देश भारत असा फिल्टर लावाल तर जुन्या पोर्तुगीज काळातल्या ज्या नोंदींत देशाचा रकाना रिकामा आहे किंवा "पोर्तुगीज इंडिया" लिहिलंय त्या गळून जातील. म्हणून दोनदा शोधा, एकदा फिल्टर लावून, एकदा न लावता, आणि दुसऱ्या यादीतले परके हाताने काढा. कंटाळवाणं काम आहे पण एका संध्याकाळीत होतं.

आणि गावांची नावं जुन्या पद्धतीने टाका. पणजीचं पांजिम, पंगिम आणि नोव्हा गोवा, तिसवाडीचं इल्हास, डिचोलीचं बिशोलिम, पेडण्याचं पेर्नेम, केप्याचं केपेम, सांग्याचं सांगेम, सासष्टीचं साल्सेट, फोंड्याचं पोंडा. सत्तरी, सांगे, काणकोण हा घाटाकडचा पट्टा "नोव्हास कोंक्विस्तास" (नव्याने जिंकलेला मुलूख) या एकाच नावाखाली टाकलेला असू शकतो. कोकण आणि कानडा (कॅनरा) हे दोन्ही शब्द इंग्रजी 'के' ऐवजी 'सी' ने लिहून बघाच, जुन्या लेबलवर तसेच असतात. शेजारचं सावंतवाडी "वारी" म्हणून येतं, बेळगाव-वेंगुर्ल्याच्या वाटेवरचा राम घाट तर पुन्हा पुन्हा येतो, आणि ही ठिकाणं आज गोव्यात नसली तरी आपल्या हद्दीपासून लांब नाहीत, त्यांची वेगळी यादी ठेवा.

शीट उघडली, आता काय बघायचं

लगेच झाडाकडे बघू नका. उजव्या खालच्या कोपऱ्यात सहसा मूळ लेबल असतं, तिथून सुरू करा. मग त्याच्या वर किंवा बाजूला छोट्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, त्या नंतरच्या तज्ज्ञांनी नाव तपासून लावलेल्या, त्यांच्यावर सहसा साल असतं. मग शिक्के. मग बारकोड. कुठेतरी एक कागदाचं पाकीट असतं, त्यात गळून पडलेले तुकडे.

शिक्क्यावरून नवीन माणूस हमखास फसतो. क्यूच्या खूप शीटवर "हर्बेरियम हुकेरियानम १८६७" असा शिक्का आहे. ती संकलनाची तारीख नाही, क्यूचे संचालक विल्यम हुकर यांचा खाजगी संग्रह क्यूकडे आला तेव्हाचा तो शिक्का आहे. उदाहरण घ्या, कोकणात आणि सिंधमध्ये काम केलेले जॉन एलर्टन स्टॉक्स १८५४ साली वारले, आणि त्यांच्या शीटवर १८६७ चा शिक्का असू शकतो. डेटाबेसमध्ये कुणी घाईत ते साल संकलनाच्या रकान्यात भरलं असेल तर माणूस मेल्यावर तेरा वर्षांनी नेचे गोळा करतोय असं होतं. म्हणून साल दिसलं की पहिला प्रश्न हाच, हे साल कुणी आणि कशासाठी लिहिलं?

स्टॉक्स यांचं नाव आलंच आहे तर त्यांचं छापील लेबल जवळून बघा, कारण ते तुम्हाला वारंवार भेटणार. जोसेफ हुकर (विल्यम हुकर यांचे पुत्र) आणि थॉमसन यांच्या संग्रहाचं लेबल, त्यावर ठिकाण म्हणून छापलंय "मलबार, कोकण, इत्यादी" आणि संकलक म्हणून "स्टॉक्स, लॉ, इत्यादी". म्हणजे ठिकाण म्हणून अख्खा पश्चिम किनारा, आणि माणूस दोघांपैकी एक किंवा तिसराच कुणी. असं लेबल असलेला नेचा गोव्यातला आहे असं म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. ही शीट तुमच्या यादीत ठेवा पण नकाशावर ठिपका टाकू नका. मी बघतो की उत्साहात लोक असे ठिपके टाकतात, मग तो ठिपका दुसरा कुणीतरी खरा धरतो आणि मग तो कायमचा होऊन बसतो. नकाशा रिकामा राहिला तरी चालेल.

तारखेत महिना पुष्कळदा रोमन आकड्यात असतो, IX म्हणजे सप्टेंबर, आणि दिवस आधी महिना नंतर हा युरोपातला क्रम. पोर्तुगीज लेबलवर महिन्याचं नाव पोर्तुगीजमध्ये, घरात जुनी कागदपत्रं वाचू शकणारं कुणी आजी-आजोबा असतील तर त्यांना स्क्रीनशॉट दाखवा, जुन्या हस्ताक्षराची सवय असलेल्यांना ते आपल्यापेक्षा पटकन लागतं.

ब्रिटिश लेबलवर उंची सहसा फुटात असते आणि ती फार कामाची आहे. गोव्यातलं सगळ्यात उंच ठिकाण सोंसोगड, साधारण ११६६ मीटर, म्हणजे चार हजार फुटांच्याही खाली. लेबलवर ४५०० फूट असेल तर ती जागा आजच्या गोव्यात नाही, मग ठिकाणाचं नाव काही का असेना. आणि २००० फूट लिहिलं असेल तर किनारा, सडे, खाजन सगळं बाद, फक्त सह्याद्रीचा उभा पट्टा उरतो, सुर्ला-चोर्ला किंवा दूधसागरच्या वरची बाजू किंवा नेत्रावळी-काणकोणचे डोंगर. एका आकड्याने शोध इतका लहान होतो.

"कॅसल रॉक" हे नाव पण नीट समजून घ्या. ते स्टेशन घाटमाथ्यावर कर्नाटकात आहे, तेव्हा ब्रिटिश हद्दीत होतं. १८८० च्या दशकात मुरगावपासून तिथपर्यंत रेल्वे झाली आणि घाट सोपा झाला, उतारावरचं जंगल मात्र गोव्याचं. लेबलवर फक्त "कॅसल रॉक" असेल तर गोवा धरू नका, "कॅसल रॉकच्या खाली" किंवा "दूधसागर" असेल तर मात्र कोळे-मोले बाजूचा विचार करा.

काही जागा तर आता जमिनीवरच नाहीत. सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणात गेलं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की थोडे दिवस वर येतं. तिथली शीट कुणाला सापडली तर तो नेचा पुन्हा त्याच जागी बघायला मिळणार नाही, अशा वेळी ती शीट हाच पुरावा.

जुनं नाव आजच्या नावाला जोडणं

इथे घाबरायचं कारण नाही, थोड्या जोड्या पाठ झाल्या की बरंच काम भागतं. पॉलिपोडियम क्वर्सिफोलियम म्हणजे आपलं बाशिंग, जे नंतर ड्रायनारिया झालं आणि आता काही जण अ‍ॅग्लाओमॉर्फा म्हणतात. अ‍ॅडिअँटम लुन्युलाटम म्हणजे अ‍ॅडिअँटम फिलिपेन्स, हंसराजांपैकी एक. ग्लायकेनिया म्हणजे बहुतेक वेळा डिक्रानोप्टेरिस लिनिआरिस, रस्त्याच्या कापलेल्या दरडीवर दाट वाढणारा. भारतातल्या जुन्या शीटवर टेरिस लाँगिफोलिया दिसलं की बहुतेकदा तो टेरिस व्हिटाटा असतो. लॅस्ट्रिया आणि नेफ्रोडियम ही दोन नावं मात्र मोठी पोती आहेत, त्यात आजच्या कितीतरी प्रजाती भरलेल्या आहेत, सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नका.

अ‍ॅक्रॉस्टिकम हे असंच. आज हे नाव खारफुटीतल्या नेच्याचं आहे, पण पूर्वी ज्या कुठल्या नेच्याचं पान मागून पूर्ण तपकिरी, म्हणजे ठिपके वेगळे न दिसता सगळीकडे बीजाणूकोश पसरलेले, त्या सगळ्यांना अ‍ॅक्रॉस्टिकम म्हणायचे. आजचा बोल्बिटिस अ‍ॅपेंडिक्युलाटा तेव्हा अ‍ॅक्रॉस्टिकम अ‍ॅपेंडिक्युलाटम होता, आणि तो ओढ्यातल्या दगडांवर सावलीत वाढतो. म्हणून "अ‍ॅक्रॉस्टिकम, घाट, २००० फूट" असं लेबल दिसलं तर तिथे खारफुटी असूच शकत नाही, प्रजातीचं पूर्ण नाव वाचा आणि शीटवरचं पान बघा. खऱ्या अ‍ॅक्रॉस्टिकम ऑरियमच्या पानात फक्त वरच्या टोकाकडच्या पर्णिका मागून तपकिरी असतात, खालच्या हिरव्याच. संकलकाने लांब पान दुमडून दाबलेलं असतं आणि नेमका तो वरचा भाग पुढे काढलेला असतो, चोडणच्या खारफुटीत जाऊन एकदा जिवंत बघितलं की शीटवरचं पटकन कळतं.

बाशिंगाच्या शीटमध्ये वेगळी गोष्ट बघा. या नेच्याला दोन तऱ्हेची पानं, एक बुंध्याशी चिकटलेली, छोटी, वाळून कागदासारखी तपकिरी झालेली, जी पालापाचोळा धरून ठेवतात, आणि दुसरी लांब हिरवी, फाटलेली, जिच्या मागे बीजाणूंचे ठिपके. पुष्कळ शीटवर या दोहोंतली एकच असते. नवखा माणूस दोन शीट बघून दोन वेगळ्या प्रजाती समजतो.

एक छोटं काम सुचवतो, कुणालाही जमेल. पिटिरोग्रामा कॅलोमेलॅनोस, तो चांदीसारखी पांढरी पूड असलेला नेचा, मूळचा अमेरिकेतला. आता कोकणात रस्त्याकडेला, दगडी भिंतींना सर्रास दिसतो. त्याचं जुनं नाव जिम्नोग्रामे कॅलोमेलॅनोस. गोवा आणि शेजारच्या भागातली त्याची सगळ्यात जुनी शीट कुठली ते शोधून काढा, तो इथे निदान कधीपासून आहे याचा पुरावा तुमच्या हातात येईल.

हॉर्सटेलचं काय

जुन्या संग्रहात नेचे आणि हॉर्सटेल (इक्विसेटम, सांध्यांची दांडी असलेली, बीजाणूंनी वाढणारी वनस्पती) वेगळे ठेवत, "नेच्यांसारखे" म्हणून. आता हॉर्सटेल नेच्यांच्याच कुळवृक्षात बसतात, २०१६ च्या वर्गीकरणात तसंच आहे, त्यामुळे कॅटलॉगमध्ये दोन्हीकडे शोधा. जगात इक्विसेटमच्या साधारण पंधराच प्रजाती उरल्यात. भारतात बहुतेक हिमालयाकडे, आणि इक्विसेटम रॅमोसिसिमम डेबिले ही एक खाली द्वीपकल्पात नदीकाठच्या वाळूत येते. जुन्या लेबलवर ती नुसती इक्विसेटम डेबिले.

गोव्याच्या नावावर इक्विसेटमची शीट दिसली तर आनंद होऊ द्या पण तीनदा तपासा, कारण आपल्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत आणि सुरूची बारीक सांध्यांची डहाळी पहिल्या नजरेला हुबेहूब हॉर्सटेल वाटते. फरक असा की हॉर्सटेलची दांडी पोकळ, सहसा जाड, उभ्या कडा असलेली, सांध्याला दातेरी खोळ, बोटाने घासली तर खरखरीत कारण तिच्यात सिलिका असते, आणि टोकाला मऊ शंकू. सुरूची डहाळी भरीव, सुतळीसारखी, लाकडी फांदीतून निघालेली, फळ लाकडासारखं कडक. फोटोत पोकळी दिसत नाही म्हणून मोजपट्टीवरून जाडी मोजा आणि फांदी कुठे लाकडी होते ते शोधा.

नोंद कशी ठेवायची

साधी एक्सेल पुरते. पण ठिकाणासाठी दोन रकाने हवेत, एकात लेबलवर जसं आहे तसं अक्षरशः, चुकांसकट, आणि दुसऱ्यात तुम्ही लावलेला अर्थ. ही एक शिस्त पाळली नाही तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही की "सांगे" लेबलवर होतं की तुम्ही ठरवलं. अक्षांश-रेखांश टाकलात तर किती किलोमीटर इकडेतिकडे असू शकतं तेही टाका. नुसतं "सत्तरी" असेल तर अख्खा तालुका, उगाच वाळपई बाजाराच्या मध्यावर ठिपका नको. बारकोड नंबर प्रत्येक ओळीला हवाच.

प्रत्यक्ष हर्बेरियममध्ये गेलात तर

आधी ईमेल करून परवानगी घ्या, काय बघायचंय ते नेमकं लिहा. शीट दोन्ही हातांनी आडवी उचलायची, पुस्तकाच्या पानासारखी उलटायची नाही, वाळलेली पानं तुटतात. पेन नाही, पेन्सिल. आणि हे गंभीरपणे सांगतो, जुन्या शीटवर कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराईड लावत असत, ते विष आहे आणि कागदावर राहतं. ग्लोव्हज घाला, तोंडाला हात लावू नका, नंतर साबणाने हात धुवा, आणि तिथे डबा उघडू नका.

जंगलात जाताना

म्हादई, मोले, खोतीगाव, नेत्रावळी, बोंडला ही अभयारण्यं आहेत, तिथून वन खात्याच्या परवानगीशिवाय एक पानही तोडायचं नाही. सिॲथियासारखे वृक्षनेचे तर ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे अशा वनस्पतींच्या यादीतही आहेत. नवख्याला तोडायची गरजही नाही. फोटो काढा, पण असे काढा की शीटसारखे उपयोगी पडतील: पूर्ण झाड आजूबाजूच्या जागेसकट, पानाची मागची बाजू बीजाणूंच्या ठिपक्यांसकट, आणि देठाचा बुंधा जिथे खवले असतात, कारण कितीतरी नेच्यांची ओळख त्या खवल्यांवर ठरते आणि वरून काढलेल्या सुंदर फोटोत ते कधीच येत नाहीत. शीटवर जो महिना आहे त्याच महिन्यात जा. अ‍ॅडिअँटम फिलिपेन्स पाऊस संपला की वाळून जातो, फेब्रुवारीत जाऊन "नाहीसा झाला" असं लिहिलंत तर ती नोंद काही कामाची नाही.

हाताला सवय म्हणून स्वतःची शीट करायची असेल तर घरच्या कुळागरातला साधा नेचा घ्या. बीजाणू असलेलं पान, मुळाजवळचा छोटा तुकडा खवल्यांसकट. लांब पान कापायचं नाही, झिगझॅग दुमडायचं, एक पर्णिका उलटी ठेवायची म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. वर्तमानपत्रात घालून दोन प्लायच्या फळ्यांमध्ये आवळून बांधा आणि पावसाळ्यात पहिले काही दिवस रोज कागद बदला, एक दिवस चुकला तरी आपल्या हवेत बुरशी धरते. इस्त्री फिरवू नका. सेलोटेप तर अजिबात नको, पिवळी पडून सुटते आणि डाग ठेवते, कागदाच्या किंवा कापडाच्या बारीक पट्ट्या डिंकाने लावा. शीटचा कागद साधारण २८ बाय ४२ सेंटिमीटर. लेबल त्याच दिवशी लिहा: गाव, वाडा, जीपीएस, उंची, कशावर वाढत होता, तारीख, तुमचं नाव, नंबर.

आणि डेटाबेसमध्ये चूक सापडली, म्हणजे बालीचा नेचा गोव्यात किंवा शिक्क्याचं साल संकलनाच्या जागी, तर त्या हर्बेरियमला कळवा. जीबीआयएफच्या प्रत्येक नोंदीवर अभिप्राय पाठवायची सोय असते. बारकोड लिहा, लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा लिहा, तुमचं म्हणणं दोन ओळीत आणि त्याचं कारण, उदाहरणार्थ "४५०० फूट उंची गोव्यात नाही". इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, गोव्यातली गावं आणि उंच्या माहीत असलेला माणूस त्यांच्याकडे बहुधा नसतो.